चेहरा एकीकडे, नाव दुसरीकडे : टर्नरच्या आत्मचित्राविषयी

१

लंडनच्या टेट ब्रिटन संग्रहालयात जोसेफ मॅलर्ड विल्यम टर्नरचं एक आत्मचित्र आहे. कॅनव्हासवरचं तैलचित्र, उंची सुमारे ७४ सेंटिमीटर, रुंदी ५८. संग्रहालयाची नोंद ‘सुमारे १७९९’ अशी आहे. म्हणजे ज्या चित्रकाराचं नाव पुढे एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटिश चित्रकलेला जवळजवळ पर्यायी म्हणून घेतलं गेलं, तो त्या शतकाच्या उंबरठ्यावर उभा राहून आपल्याकडे बघतो आहे. वय अवघं चोवीस.

चित्रात आहे ते थोडकंच. तपकिरी काळोखाची पार्श्वभूमी, त्याच काळोखात मिसळत जाणारा गडद कोट, फिक्कट पिवळसर जाकीट, गळ्याशी उंच बांधलेला पांढरा गळपट्टा आणि त्यावर ठेवल्यासारखा एक चेहरा. डोक्यावर विग नाही, स्वतःचेच केस आहेत. चेहरा अगदी संमुख, नजर थेट. कपाळ, नाकाचा कणा आणि गळपट्टा यांवर प्रकाश आहे. कडेला जाल तसा तो विरत जातो. छातीच्या खाली चित्र संपतं, त्यामुळे हात दिसत नाहीत. कुंचला नाही, रंगपाटी नाही, मागे चित्रफळा नाही. नाव माहीत नसलेल्या माणसाला हे चित्र दाखवलं, तर तो याला तरुण वकील म्हणेल, सुखवस्तू व्यापाऱ्याचा मुलगा म्हणेल. चित्रकार म्हणेलच असं नाही.

मला या चित्रातलं हेच सर्वांत महत्त्वाचं वाटतं. टर्नरने चेहरा दिला, पण त्या चेहऱ्याचा धंदा दिला नाही. पुढच्या बावन्न वर्षांच्या आयुष्यात त्याने हेच वेगवेगळ्या रीतींनी केलं, असं मी या लेखात दाखवू पाहतो आहे. स्वतःविषयीच्या ज्या दोन गोष्टी आपण सगळे एकत्र बाळगतो, आपला चेहरा आणि आपलं नाव, त्या दोन्ही तो शक्यतो एका ठिकाणी येऊ देत नसे. हे तैलचित्र त्या सवयीचं पहिलं ठळक रूप आहे.

२

या चित्राची दोन वाचनं रूढ आहेत. पहिलं वाचन स्वच्छंदतावादी. त्यानुसार हे मोठे, स्थिर डोळे म्हणजे प्रतिभेचे डोळे. पुढे समुद्र, धुकं आणि आग ज्यांनी पाहिली ते हेच. हे वाचन लोभस आहे, पण उलटं आहे. १८४० नंतरचा टर्नर ठाऊक असल्यामुळेच आपल्याला १७९९च्या डोळ्यांत वादळ दिसतं. डोळे तेच ठेवून चित्राखाली एखाद्या विसरल्या गेलेल्या चित्रकाराचं नाव लिहिलं, तर वादळ ओसरेल.

दुसरं वाचन सामाजिक आहे आणि ते अधिक भक्कम आहे. टर्नरचे वडील विल्यम हे कॉव्हेंट गार्डनमधल्या मेडन लेनवर केशकर्तनाचा आणि विग बनवण्याचा व्यवसाय करत. पोराची चित्रं ते दुकानात मांडत आणि काही शिलिंगांना विकत. १७९५मध्ये पिटच्या सरकारने केसांना लावायच्या पावडरीवर वर्षाला एक गिनी कर बसवला आणि आधीच उतरणीला लागलेली विगांची फॅशन आणखी घसरली. बापाचा धंदा मंदावत असताना मुलगा चढत होता. १७९९च्या नोव्हेंबरमध्ये तो रॉयल अकॅडमीचा सहयोगी सदस्य निवडला गेला. हे आत्मचित्र त्या निवडीच्या निमित्ताने काढलं असावं, असा अनेकांचा कयास आहे. म्हणजे विगवाल्याच्या मुलाने स्वतःच्या केसांनिशी, उत्तम कपड्यांत, सभ्य गृहस्थ म्हणून स्वतःची करून दिलेली ही ओळख.

हे वाचन मला पटतं, पण पुरत नाही. कारण ओळख करून द्यायचीच होती, तर ती पुरी का दिली नाही? टर्नरच्या डोळ्यांसमोर नमुना होता. अकॅडमीचे पहिले अध्यक्ष जोशुआ रेनल्ड्स यांनी १७८०च्या सुमारास अकॅडमीसाठीच काढलेलं आत्मचित्र सॉमरसेट हाउसमध्ये लागलेलं होतं आणि टर्नर तिथल्याच शाळेत शिकला होता. रेनल्ड्स त्यात ऑक्सफर्डच्या मानद पदवीचा झगा आणि टोपी घालून उभे आहेत. शेजारी मायकेलअँजेलोचा अर्धपुतळा आहे. कोण, कुठला, कोणाच्या परंपरेतला, सगळं एका नजरेत कळतं. काळोखातून उजळणारा चेहरा ही रेम्ब्रांटकडून आलेली रीत रेनल्ड्सनी घेतली, टर्नरनेही घेतली. पण रेनल्ड्सनी त्या काळोखात जे जे मांडलं, ते ते टर्नरने काढून टाकलं. रेनल्ड्सविषयीचा त्याचा आदर आयुष्यभर टिकला. सेंट पॉल कॅथीड्रलच्या तळघरात तो त्यांच्याजवळ पुरला गेला, तेही त्याच्याच इच्छेने. तेव्हा हे वगळणं अनादरातून आलेलं नव्हे. पदाचं चित्र त्याला काढायचं नव्हतं, एवढंच त्यातून म्हणता येतं.

३

आता संमुख चेहऱ्याकडे वळू. आत्मचित्र काढणाऱ्यासाठी चेहऱ्याची रोख ही आरशाची गोष्ट असते. एका आरशासमोर बसलं की चेहरा संमुख किंवा थोडा वळलेला दिसतो. स्वतःचा चेहरा निव्वळ बाजूने पाहायचा तर दोन आरसे लागतात. टर्नरहून वर्षाने लहान असलेल्या जॉन कॉन्स्टेबलने १८०६मध्ये पेन्सिलीने स्वतःचं असं बाजूचं चित्र काढलं. तेही आज टेटमध्येच आहे. संमुख चेहऱ्याला आरसा एकच पुरतो, पण चित्रकाराची खरी परीक्षा तिथेच होते. बाजूच्या चेहऱ्यात नाकाला बाह्यरेषा असते, एका रेषेत काम होतं. संमुख चेहऱ्यात नाक आपल्या दिशेने पुढे येतं. त्याला रेषाच नसते, ते केवळ उजेड आणि सावली यांच्या चढउतारांतून उभं करावं लागतं.

टर्नरने हे अवघड काम निवडलं आणि साधलंही. नाकाच्या कण्यावर प्रकाशाची एक चिंचोळी पट्टी, दोन्ही बाजूंना क्रमाने उतरणारी छटा, बस. मात्र या निवडीचा दुसराही एक परिणाम झाला. जॉर्ज डान्स याने समकालीनांची बाजूने काढलेली रेखाचित्रं प्रसिद्ध आहेत. त्याने १८००मध्ये टर्नरचंही काढलं. त्या रेखाचित्रात नाक ठळक आहे, बाकदार आहे. चेहरा त्याच्याच भोवती रचल्यासारखा दिसतो. वर्षभराच्या आतबाहेरची ही दोन चित्रं शेजारी ठेवली, तर क्षणभर दोन माणसं वाटतात. संमुख राहून टर्नरने आपल्या चेहऱ्याची सर्वांत सहज ओळखता येणारी खूण प्रकाशात विरघळवून टाकली. खोटं काहीच काढलेलं नाही. फक्त उभं राहण्याची जागा विचारपूर्वक निवडली. पुढे अकॅडमीत यथार्थदर्शनाचा प्राध्यापक झालेल्या माणसाला, कुठून पाहिलं की काय दिसतं, हे शिकवावं लागणार नव्हतं.

याला कोणी निव्वळ अभिमान म्हणेल. नाक आवडत नव्हतं म्हणून लपवलं, इतकंच. असेलही. पण ‘सगळं दाखवतो आहे’ असं वाटायला लावणारी थेट नजर आणि सर्वांत जास्त झाकणारा कोन या दोन्ही गोष्टी इथे एकाच जागी आल्या आहेत. या चित्राची सगळी ताकद त्या जोडणीत आहे. डोळ्यांत डोळे घालून पाहणाऱ्यावर आपण संशय घेत नाही.

४

इथे एक वाट लागते, जिच्यावर जाण्याचा मोह मोठा आहे. टर्नरची आई मेरी मानसिक आजाराने ग्रस्त होती. १७९९च्या अखेरीस तिला सेंट ल्यूक रुग्णालयात दाखल करण्यात आलं. पुढच्या वर्षी तिला बेथलेममध्ये हलवलं. १८०४मध्ये ती वारली. आत्मचित्राची तारीख, अकॅडमीची निवड आणि आईची रवानगी या तिन्ही गोष्टी एका वर्षाच्या परिघात येतात. एवढं हातात आल्यावर त्या चेहऱ्यात काय काय वाचता येणार नाही? शांतता ही बधिरता ठरवता येईल, नीटनेटका गळपट्टा हा घरातल्या विस्कटण्यावरचा उपाय ठरवता येईल, पार्श्वभूमीच्या काळोखाला तर अर्थांची वाणच पडणार नाही.

मी तसं करणार नाही. पहिलं कारण साधं आहे : चित्राची तारीख ‘सुमारे’ आहे. काही महिन्यांनी इकडेतिकडे झाली की ही इमारत कोसळते. दुसरं कारण अधिक महत्त्वाचं आहे. चित्रात आईविषयी काही नाही आणि हे ‘नसणं’ पुरावा म्हणून वापरता येत नाही. वापरलं तर जगातलं प्रत्येक आत्मचित्र हवं ते सिद्ध करू लागेल. आपल्याकडे ‘आत्म’ हा उपसर्ग लागला की वाचक कबुलीची वाट पाहू लागतो. आत्मचरित्र निघालं की पहिली चर्चा लेखकाने काय लिहिलं याची न होता काय लपवलं याची होते. तीच सवय आपण आत्मचित्राकडे घेऊन जातो. पण आरशासमोर बसलेल्या चित्रकाराने कबुली देण्याचा करार कोणाशीही केलेला नसतो. चेहऱ्यावरून चरित्र वाचणारी समीक्षा दिसायला सहृदय असते. प्रत्यक्षात ती त्या माणसाकडून, त्याने न दिलेली वस्तू काढून घेत असते.

मग समीक्षकाच्या हाती उरतं काय? उरतं ते कृतीतून सिद्ध होणारं. टर्नरच्या मनात काय होतं ते सांगता येत नाही, पण आपल्या चेहऱ्याचं आणि नावाचं त्याने काय केलं हे सांगता येतं. त्याचे पुरावे आहेत.

५

या चित्राआधीचं, किशोरवयातलं एक छोटं जलरंगातलं आत्मचित्र त्याचं म्हणून सांगितलं जातं. या चित्रानंतर मात्र पन्नास वर्षांत त्याचं स्वतःचं तैलरंगातलं आत्मचित्र ज्ञात नाही. दुसऱ्यांसमोर बसणंही तो टाळत असे. परिणामी उतारवयातला टर्नर आपल्याला दिसतो तो बहुधा इतरांनी चोरून टिपलेला. जॉन लिनेलने १८३८मध्ये त्याचं व्यक्तिचित्र काढलं ते समोर बसवून नव्हे, आठवणीतून. विल्यम पॅरटने प्रदर्शनापूर्वी चित्रांवर शेवटचा हात फिरवण्याच्या दिवशी कॅनव्हासला भिडलेला टर्नर रंगवला : उंच टोपी, बुटकी आकृती, पाठ जवळजवळ आपल्याकडे.

यावरून तो चेहऱ्याच्या बाबतीत लाजाळू होता असं म्हणून थांबता आलं असतं. पण १८४७ ते १८४९ या काळातली एक गोष्ट थांबू देत नाही. जॉन मेऑल या छायाचित्रकाराचा लंडनमध्ये स्टुडिओ होता. तिथे एक म्हातारा गृहस्थ वरचेवर येऊ लागला. प्रकाशाचा पत्र्यावर परिणाम कसा होतो, याविषयी बारकाईने प्रश्न विचारी, तासन्‌तास बसे. त्याने आपली छायाचित्रंही काढून घेतली. आपण चान्सरी न्यायालयातले अधिकारी आहोत, असा मेऑलचा समज त्याने करून दिला होता. हा टर्नर आहे हे मेऑलला पुढे एका समारंभात कळलं. ती छायाचित्रं आज उपलब्ध नाहीत.

म्हणजे चित्रकारांसमोर न बसणारा टर्नर यंत्रासमोर मात्र बसला. अट एकच, नाव दुसरं. त्याची अडचण चेहरा दाखवण्याची नव्हती. हा चेहरा टर्नरचा आहे हे कळण्याची होती.

आयुष्याच्या अखेरीला हेच त्याने राहत्या घरात केलं. क्वीन ॲन स्ट्रीटवर त्याचं घर आणि चित्रदालन होतं, तिथे तो टर्नर होता. चेल्सीमध्ये नदीकाठी, सोफिया बूथ या विधवेबरोबर तो राहत असे, तिथे तो ‘मिस्टर बूथ’ होता. आसपासचे लोक त्याला ‘ॲडमिरल’ म्हणत. चेहरा सगळ्यांच्या ओळखीचा, नाव मात्र त्या बाईचं. १९ डिसेंबर १८५१ रोजी तो त्याच घरात वारला.

याच्या नेमकं उलटं उदाहरण त्याच्या चित्रांत आहे. १८४२मध्ये अकॅडमीत त्याने बर्फाच्या वादळात सापडलेल्या आगबोटीचं चित्र मांडलं. त्याचं शीर्षक लांबलचक आहे आणि त्याच्या शेवटी, ‘एरियल’ हारिचहून निघाली त्या रात्री या वादळात कर्ता स्वतः हजर होता, अशा अर्थाचं विधान आहे. तो खरोखरच त्या बोटीवर होता का, याविषयी अभ्यासकांनी शंका घेतल्या आहेत. मला शंकेपेक्षा रचना महत्त्वाची वाटते. कॅनव्हासवर भोवरा आहे, धूर आहे, डोलकाठी आहे. माणूस शोधावा लागतो. कर्ता आहे तो शीर्षकात, चौकटीच्या बाहेर, अक्षरांत. मी याला टर्नरचं दुसरं आत्मचित्र म्हणेन. पहिल्यात चेहरा आहे, कर्ता नाही. दुसऱ्यात कर्ता आहे, चेहरा नाही. मध्ये त्रेचाळीस वर्षं.

६

यावर आक्षेप येऊ शकतो, आणि तो घ्यायलाच हवा. टर्नर निसर्गचित्रकार होता. निसर्गचित्रकार आत्मचित्रं फारशी काढत नाहीत. त्यांना गिऱ्हाईकही नसतं. माणसांच्या आकृती हा त्याचा कच्चा प्रांत, हे त्याच्या काळापासून बोललं गेलं आहे. त्याच्या चित्रांतली माणसं बाहुल्यांसारखी असतात, ही तक्रार जुनीच आहे. मग एका तरुणाने फुकटचं मॉडेल म्हणून स्वतःला रंगवलं आणि पुढे त्याला त्यात रस उरला नाही, यात एवढं शोधायचं काय?

नुसत्या अभावावर माझा युक्तिवाद उभा असता, तर हा आक्षेप मी मान्य केला असता. पण मेऑलला सांगितलेली खोटी ओळख आणि चेल्सीतलं दुसरं नाव हे अभाव नाहीत. त्या केलेल्या गोष्टी आहेत. आणि कच्च्या प्रांताविषयी म्हणाल, तर हे आत्मचित्रच त्याचं उत्तर आहे. ज्याने चोविसाव्या वर्षी रेषेचा आधार न घेता इतकं घट्ट नाक उभं केलं, त्याला चेहरे जमत नव्हते असं कसं म्हणावं? त्याच्या निसर्गचित्रांतल्या माणसांना चेहरे नाहीत, कारण त्याने ते दिले नाहीत. उजेडाला त्यांची गरज नव्हती.

शिवाय हे चित्र विकलं गेलं नाही. १८५६मध्ये टर्नर वारशाचा भाग म्हणून ते राष्ट्राकडे आलं. त्या वारशात सुमारे तीनशे तैलचित्रं आणि कागदावरची तीसेक हजार कामं होती. हा वारसाही सरळ आला नाही. मृत्युपत्रात त्याने आपल्या पैशांतून हलाखीतल्या चित्रकारांसाठी धर्मादाय संस्था काढावी असं लिहिलं होतं. नातेवाइकांनी ते आव्हानित केलं. अखेर तडजोडीने चित्रं राष्ट्राला, वीस हजार पौंड अकॅडमीला आणि उरलेली संपत्ती नातेवाइकांना गेली. गरजू चित्रकारांची संस्था झालीच नाही. हा निकाल झाला तो चान्सरी न्यायालयात. ज्या न्यायालयाचा अधिकारी म्हणून त्याने छायाचित्रकाराला चकवलं, त्याच न्यायालयाने त्याच्या शेवटच्या इच्छेचा अर्थ लावला.

७

२० फेब्रुवारी २०२० रोजी बँक ऑफ इंग्लंडने वीस पौंडांची नवी नोट चलनात आणली. पॉलिमरच्या त्या नोटेवर हे आत्मचित्र आहे. मागे ‘फायटिंग टेमेरेअर’ हे त्याचं १८३९मधलं लाडकं चित्र, नाव, जन्ममृत्यूची सालं, आणि मृत्युपत्रावरून घेतलेली सही.

या सन्मानाला मी नाव ठेवणार नाही. चित्रकाराला नोटेवर बसवणारा देश वाईट नव्हे. पण छपाईने काय केलं ते पाहण्यासारखं आहे. मूळ चित्रात ज्या काळोखातून चेहरा वर येतो, तो काळोखच इथे उरत नाही. चेहरा, व्यवसाय, नाव आणि हस्ताक्षर, ज्या चार गोष्टी त्याने जन्मभर वेगवेगळ्या खोल्यांत ठेवल्या, त्या कोटी कोटी प्रतींत एका हातभर अंतरावर, एकमेकींना चिकटून छापल्या गेल्या. नोटेचं कामच ते : हा तोच, ही सही त्याचीच, अशी हमी द्यायची. हमीसाठी चेहरा आणि नाव जुळावं लागतं.

आत्मचित्र अशी हमी देत नाही. टेटमधल्या त्या कॅनव्हाससमोर उभं राहिलं की एक तरुण आपल्याकडे रोखून पाहतो आणि आपण कोण हे सांगत नाही. या चेहऱ्याला नाव आपण देतो, भिंतीवरच्या पाटीवरून. पाटी झाकून ते चित्र पाहिलं, तर टर्नरने दिलं तेवढंच आपल्याला मिळतं : कपाळावरचा उजेड, रेषेवाचून उभं राहिलेलं नाक, आणि कडेकडेने परत काळोखात जाणारा एक कोट. मला वाटतं, तेवढंच घ्यावं. ते पुष्कळ आहे.